प्रोसेसरच्या गतीची पारख

मावळांतील लोहगडवाडी हें लहानसें गांव लोहगड आणि विसापूर या दोन किल्ल्यांच्या कुशींत वसलेलें आहे. मळवली स्टेशनावर उतरून, भाजें गांवावरून गायमुख खिंडीकडे चढूं लागलें, म्हणजे पाठीमागें पुणें-मुंबई लोहमार्ग दिसूं लागतो. याच लोहमार्गाचा बोरघाटांतील अवघड चढ 1863 मध्यें वाहतुकीस खुला झाला. पश्चिमेस लोणावळें, वळवण आणि शिरवटा येथील तलाव आहेत. या तलावांचें पाणी घाटाखालीं सुमारें सतराशें फूट उतरून खोपोलीच्या वीजगृहांतील चक्रांवर आदळतें. टाटांच्या कंपनीचें हें वीजगृह 1915 मध्यें सुरूं झालें, आणि मुंबईच्या गिरण्यांच्या धुराड्यांना एक नवा प्रतिस्पर्धी मिळाला.

वीजगृहांतील जनित्र असो वा गिरणींतील मोटर असो, अशा प्रत्येक यंत्रावर धातूची एक पाटी ठोकलेली असते. यंत्राची शक्ति किती, गति किती, दाब किती, हें तिच्यावर कोरलेलें असतें. परंतु पाटीवरचा आंकडा म्हणजे यंत्राची अंतिम सीमा नव्हे, हें प्रत्येक अनुभवी अभियंत्यास ठाऊक असतें. कारखानदारानें तो आंकडा थोडा राखून कोरलेला असतो. जनित्रावर कांहीं काळ अधिक भार टाकतां येतो. तो किती आणि किती वेळ, हें त्याच्या गुंडाळ्या किती तापतात यावर ठरतें. त्याची गति मात्र वाढवितां येत नाहीं. वीज सेकंदास पन्नास आवर्तनें या ठराविक तालावरच निघावी लागते, आणि एक जनित्र ताल सोडून धांवूं लागलें तर जाळ्यांतील इतर सर्व त्याला ओढून धरतात.

संगणकाच्या प्रोसेसरवर असें बंधन नाहीं. त्याचा ताल त्याच्या स्वतःच्या घड्याळावर चालतो. म्हणूनच पाटीवरील आंकड्याहून त्यास किती अधिक पळवितां येईल, हा प्रश्न गेलीं चाळीस वर्षें जगभरच्या हौशी मंडळींना आणि गंभीर संशोधकांना सारखाच भुरळ घालीत आला आहे. या उद्योगास ओव्हरक्लॉकिंग असें नांव आहे. त्याची कथा मनोरंजक आहे; पण त्याहून अधिक महत्त्वाची आहे ती पारखीची कथा. कारण प्रोसेसर जलद धांवतो कीं नाहीं हें पडद्यावरील आंकडा क्षणांत सांगतो. जलद धांवतांना तो खरें बोलतो कीं नाहीं, हें कळावयास मात्र रात्रीच्या रात्री जाव्या लागतात.

प्रोसेसरमधील घड्याळ म्हणजे वेळ दाखविणारें यंत्र नव्हे. क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनापासून तयार केलेला तो एक अखंड ठोका असतो. प्रत्येक ठोक्यास प्रोसेसरमधील कोट्यवधि सूक्ष्म कळा आपली स्थिति बदलतात, आणि पुढचा ठोका पडण्यापूर्वीं त्या सर्व स्थिर व्हाव्या लागतात. वीजजाळ्याच्या पन्नास आवर्तनांच्या तुलनेनें पांच गिगाहर्ट्झचा प्रोसेसर दहा कोटि पट वेगानें ठोके मोजतो. त्याच्या एका ठोक्याच्या अवधींत प्रकाशकिरण अवघे सहा सेंटीमीटर पुढें सरकतो! एवढ्याशा अवधींत एखादी कळ जरा मागें राहिली, तर पुढचा ठोका तिची जुनीच स्थिति उचलून नेतो आणि हिशेबांत एक चूक शिरते. कळांना लवकर स्थिर करावयाचें असेल तर दाब वाढवावा लागतो. दाब वाढविला कीं उष्णता वाढते, आणि उष्णता वाढली कीं कळा पुन्हां मंदावतात. सारा खेळ या त्रिकोणांत सामावलेला आहे.

मग कारखानदार आंकडा राखून कां कोरतो? सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेंकडों प्रोसेसर एकदम तयार होतात, पण ते सारखे उतरत नाहींत. मध्यभागचे निराळे, कडेचे निराळे. कारखान्यांत त्यांची परीक्षा होते आणि गुणानुसार त्यांच्यावर निरनिराळे आंकडे घालण्यांत येतात. स्वस्त मालास मागणी अधिक असली, तर उत्तम गुणाचे प्रोसेसरहि खालच्या आंकड्यानें बाजारांत जातात. शिवाय सर्वांत वाईट पंख्याखालीं, सर्वांत उष्ण प्रदेशांत, वर्षानुवर्षें काम चालावें म्हणून कांहीं शिल्लक ठेवावी लागते. ही शिल्लक शोधून काढणें म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग.

त्याचा आरंभ अगदीं साध्या रीतीनें झाला. आय.बी.एम. कंपनीनें 1984 मध्यें बाजारांत आणलेला ए.टी. हा संगणक सहा मेगाहर्ट्झ गतीनें चाले. त्यांतील क्वार्ट्झचा स्फटिक खोबणींत बसविलेला होता. थोडक्या पैशांत अधिक कंपनाचा स्फटिक आणून बसविला कीं तेंच यंत्र आठ मेगाहर्ट्झनें धांवूं लागे. गिऱ्हाइकांच्या हें ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. कंपनीच्याहि ध्यानांत आलें, आणि पुढच्या आवृत्तींत तिनें अशी तरतूद केली कीं गति वाढविलेली आढळतांच यंत्रानें सुरूंच होऊं नये.

यापुढील पंधरा वर्षें म्हणजे कारखानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामधील लपंडावच होता. त्यांत गिऱ्हाइकाचीच बाजू नेहमीं न्यायाची होती, असें मात्र नाहीं. 1990 नंतरच्या दशकांत कांहीं व्यापारी कमी गतीच्या प्रोसेसरवरील आंकडा पुसून तेथें मोठा आंकडा छापूं लागले आणि ओव्हरक्लॉक केलेला माल अस्सल म्हणून विकूं लागले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेणाऱ्या गृहस्थास आवरणावरचा आंकडा खरा कीं खोटा हें डोळ्यांनीं ओळखण्याचा कांहींच उपाय नव्हता. या लबाडीस आळा घालण्याचें कारण देऊन इंटेलनें प्रोसेसरमधील गुणक कुलुपबंद केला. घड्याळाचा मूळ ठोका गुणिले हा गुणक, असें गतीचें गणित असतें. गुणक बांधला गेला तरी मूळ ठोका मोकळाच राहिला होता.

तो मोकळा राहिल्याचें फळ 1998 मध्यें दिसून आलें. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें इंटेलनें सेलेरॉन 300ए नांवाचा स्वस्त प्रोसेसर काढला. मूळ ठोका 66 मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, गति 300. त्याच्या पोटांतच 128 किलोबाइटची जलद स्मृति बसविलेली होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण गतीनें चाले. लोकांनीं मूळ ठोका 100 वर नेऊन पाहिला, तों यंत्र 450 मेगाहर्ट्झनें सुरळीत चालूं लागलें. गरिबाच्या प्रोसेसरनें श्रीमंताच्या प्रोसेसरशीं बरोबरी केल्याचें असें दुसरें ठळक उदाहरण क्वचितच सांपडेल. 2000 च्या सुमारास ए.एम.डी. कंपनीच्या प्रोसेसरवरील तुटलेले सूक्ष्म दुवे लोक शिशाच्या पेन्सिलीनें जोडूं लागले. पेन्सिलींतील ग्रॅफाइट विजेचें वाहक असल्यानें कुलूप उघडे. शाळकरी पोराच्या दप्तरांतील वस्तूनें एवढ्या मोठ्या कारखान्याची योजना मोडावी, ही गंमत खरीच.

पण खरी अडचण येथून पुढें. यंत्र सुरूं झालें, चित्र दिसलें, एक खेळ खेळून झाला, म्हणजे प्रोसेसर 450 वर "चालला" असें म्हणावयाचें काय? एकोणीसशें चौऱ्याण्णवच्या एका प्रकरणानें या प्रश्नाचें गांभीर्य आधींच दाखवून दिलें होतें. अमेरिकेंतील लिंचबर्ग कॉलेजांतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत होते. बेरीज जुळेना. सर्व शक्यता तपासून अखेर त्यांनीं दोष नव्या पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारांत असल्याचें दाखविलें. 4195835 भागिले 3145727 याचें उत्तर 1.33382 यावें, तेथें हा प्रोसेसर 1.33374 देई. ही चूक ओव्हरक्लॉकिंगची नव्हती, मूळ रचनेचीच होती. कंपनीस त्यापायीं 47 कोटि 50 लक्ष डॉलरांची झळ सोसावी लागली. परंतु त्यांतील बोध असा, कीं यंत्र थांबलें नाहीं, पडदा काळा पडला नाहीं, कसलीहि तक्रार न करतां यंत्रानें शांतपणें खोटें उत्तर दिलें. गति वाढविलेला प्रोसेसर नेमकें हेंच करूं शकतो. बंद पडणारें यंत्र निदान प्रामाणिक म्हणावें लागेल.

म्हणून पारख करणाऱ्यांनीं ज्याचें उत्तर आगाऊ माहीत आहे अशा हिशेबांचा आश्रय केला. टोकियो विद्यापीठांतील यासुमासा कानादा यांच्या प्रयोगशाळेंतून 1995 मध्यें पाय या संख्येचे दशांश काढणारा एक कार्यक्रम बाहेर आला. दहा लाखांहून थोडे अधिक दशांश काढावयास प्रोसेसर किती सेकंद घेतो, ही हौशी लोकांची आवडती शर्यत झाली. दुसरा कार्यक्रम जॉर्ज वोल्टमन यांचा. 1996 मध्यें त्यांनीं मर्सेन मूळ संख्या शोधण्याची एक सामुदायिक मोहीम आरंभिली. हजारों लोकांच्या घरगुती संगणकांवर आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या या हिशेबांत एक आंकडा चुकला तरी सारें श्रम फुकट जात. म्हणून कार्यक्रमांतच यंत्राची छळपरीक्षा घेण्याची सोय केलेली होती. मूळ संख्या शोधणारे मागें राहिले आणि ही छळपरीक्षाच प्राइम95 या नांवानें जगप्रसिद्ध झाली!

जाणत्याची रीत साधारण अशी असते. प्रथम पाटीवरील गतीवर यंत्र तासभर पूर्ण भारानें चालवून उष्णता टिपावयाची. मग शंभर मेगाहर्ट्झची एक पायरी चढून पुन्हां परीक्षा घ्यावयाची. चूक झाली कीं दाब किंचित् वाढवावयाचा. येथेंच गणित आडवें येतें. प्रोसेसर जी वीज खातो ती गतीच्या प्रमाणांत आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. गति दहा टक्के वाढविली आणि त्यासाठीं दाबहि दहा टक्के वाढवावा लागला, तर विजेचा खर्च 1.1 च्या घनाइतका, म्हणजे सुमारें 33 टक्के वाढतो. दहाच्या लाभासाठीं तेहतिसांचा खर्च! थोड्याच पायऱ्यांनंतर उष्णता तरी सीमेस भिडते, नाहीं तर दाब तरी धोक्याच्या रेषेस पोंचतो. मग एक पायरी खालीं उतरून रात्रभर यंत्र चालूं ठेवावयाचें. कांहीं प्रोसेसर पूर्ण भाराखालीं तासन् तास टिकतात आणि भार उतरून दाब खालीं येतांच, स्वस्थ बसले असतां कोसळतात. तेव्हां विश्रांतीचीहि परीक्षा घ्यावी लागते.

या परीक्षेंत हवेचा वांटा किती मोठा असतो, हें शहरांतील वातानुकूल खोलींत बसून ध्यानांत येत नाहीं. पंखा असो वा पाण्याची नळी असो, प्रोसेसरला ती खोलीच्या हवेहून थंड करूं शकत नाहीं. खोलींत 22 अंश असतील तर, आणि 36 असतील तर, चौदा अंशांचा तो फरक जवळजवळ जसाच्या तसा प्रोसेसरच्या अंगावर येतो. लोहगडाचा माथा 3,389 फूट उंच आहे. खालच्या वाडींत पावसाळी रात्रीं अंगावर घोंगडी घ्यावी लागते. तेथें उत्तम ठरलेला प्रोसेसर एप्रिलांत पुण्याच्या एखाद्या माळ्यावर तसाच उत्तम ठरेल, असें कोणी सांगूं नये. उलट मावळच्या पावसाळ्याचीहि एक अडचण आहे. विक्रम करणारे लोक प्रोसेसरवर उणे 196 अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ओततात. अशा थंड धातूवर हवेंतील बाष्प क्षणांत दंव होऊन जमतें, आणि दंवाच्या एका थेंबानें सारें यंत्र जळूं शकतें. श्रावणांतल्या लोणावळ्याची हवा या कामास अगदींच प्रतिकूल म्हणावी लागेल. खेडेगांवांत विजेचा दाब मधूनच खालीं येतो तो निराळाच. यंत्र त्यामुळें बंद पडतें आणि दोष बिचाऱ्या प्रोसेसरच्या माथीं येतो.

विक्रमांचा येथवर उल्लेख आलाच आहे, तर त्यांची योग्यताहि पाहिली पाहिजे. 2011 मध्यें ए.एम.डी.चा एक आठ गाभ्यांचा प्रोसेसर द्रवरूप हेलियमनें थंड करून 8.429 गिगाहर्ट्झवर नेण्यांत आला. त्या वेळीं आठपैकीं दोनच गाभे चालूं ठेवलेले होते. डिसेंबर 2022 मध्यें इंटेलच्या एका प्रोसेसरनें याच रीतीनें नऊ गिगाहर्ट्झची रेषा ओलांडली. कौशल्य म्हणून हें वाखाणण्याजोगें आहे. पण त्या गतीवर यंत्र कांहीं क्षण टिकतें, आंकडा टिपला जातो आणि काम संपतें. त्या आंकड्यावरून प्रोसेसर विकत घेणें म्हणजे जत्रेंतील उडीवरून शेतीसाठीं बैल निवडण्यासारखें आहे.

घड्याळाची गति वाढवीत नेण्याचा मार्ग खुद्द कारखानदारांनाहि फार काळ पुरला नाहीं. इंटेलनें ऑक्टोबर 2004 मध्यें आपला चार गिगाहर्ट्झचा पेंटियम काढण्याचा बेत रद्द केला. एकच गाभा अधिकाधिक पळविण्याऐवजीं अनेक गाभे मध्यम गतीनें एकत्र चालवावेत, हा विचार त्यानंतर सर्वमान्य झाला. पुण्यास मात्र तो निराळ्या कारणानें पुष्कळ आधीं स्वीकारावा लागला होता.

1980 नंतरच्या दशकांत भारतास क्रे कंपनीचा शक्तिशाली महासंगणक हवा होता. अमेरिकेनें हवा होता तो दिला नाहीं. हवामानाच्या कामापुरता कमी शक्तीचा नमुना दिला, तोहि अनेक अटी घालून. तेव्हां 1988 मध्यें पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झालें आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं परम 8000 हा महासंगणक 1991 मध्यें तयार झाला. त्यांतील प्रोसेसर इंग्लंडमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. एकेकटा ट्रान्सप्यूटर क्रेपुढें अगदींच किरकोळ. पण शेजाऱ्यांशीं बोलण्याची सोय त्याच्या अंगांतच होती. पुण्याच्या अभियंत्यांनीं त्याला त्याच्या शक्तीबाहेर पळविलें नाहीं. अनेकांना एका कामास जुंपलें. मोटेला एकच बैल चाबकानें पळवावा कीं आणखी एक जोडी लावावी, यांतील दुसरी निवड त्यांनीं केली.

पण मग पारखीचा प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. हजार प्रोसेसर म्हणजे हजारपट काम, हें कागदावर खरें. 1993 पासून जगांतील पांचशें सर्वांत शक्तिशाली संगणकांची जी यादी वर्षांतून दोनदां प्रसिद्ध होते, तींत दोन आंकडे शेजारीं शेजारीं छापतात: एक कागदावरची शक्ति आणि दुसरी समीकरणांचा एक ठराविक मोठा संच सोडवून प्रत्यक्ष मोजलेली शक्ति. क्रम दुसऱ्या आंकड्यावर लागतो. नोव्हेंबर 2007 च्या यादींत पुण्याच्या एक या महासंगणकास जगांत चौथें आणि आशियांत पहिलें स्थान मिळालें. टाटा सन्सच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेनें तो उभारला होता. तीन गिगाहर्ट्झचे 14,240 गाभे, प्रत्येकी एका ठोक्यास चार कृति, म्हणजे कागदावर सुमारें 171 टेराफ्लॉप्स. प्रत्यक्ष मोजणींत भरले 117.9. शंभरांतले एकोणसत्तर. त्या काळच्या अशा जोडणीच्या यंत्रास ही टक्केवारी चांगलीच होती. हरवलेले एकतीस प्रोसेसरच्या मंदपणानें हरवले नव्हते. ते बहुतांशीं परस्परांची वाट पाहण्यांत गेले.

घड्याळ थोडें पुढें सारून यांतले कांहीं परत मिळवितां आले असते काय? येथें एक साधा हिशेब पुरेसा आहे. एका प्रोसेसरमध्यें चार गाभे धरले तर त्या यंत्रांत 3,560 प्रोसेसर होतात. समजा, गति वाढविल्यामुळें प्रत्येकाच्या हातून दहा वर्षांत एकदांच चूक होऊं लागली. घरच्या संगणकावर ती कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं. पण 3,560 प्रोसेसर एकाच हिशेबांत गुंतलेले असतां सरासरीनें रोज एक चूक होईल, आणि आठवडाभर चालणाऱ्या हिशेबाचा कोणताहि भरंवसा उरणार नाहीं.

घरगुती यंत्रांविषयींहि पुरावा उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं 2011 मध्यें सुमारें दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गति थोडीशी वाढविली तरी यंत्र कोसळण्याचा संभव स्पष्टपणें वाढतो, आणि पाटीहून थोडी कमी ठेवली तर तो घटतो, असें त्यांस आढळून आलें.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या विद्येचें रूप पालटलें आहे. 2008 च्या अखेरीस आलेल्या इंटेलच्या कोअर आय7 पासून प्रोसेसर स्वतःच उष्णता आणि भार पाहून आपली गति क्षणोक्षणीं वाढवूं लागला. पूर्वीं गिऱ्हाईक जी शिल्लक शोधून काढी, ती आतां कारखानाच खर्चून टाकतो. नव्या प्रोसेसरच्या अंगीं त्यामुळें फारसें राखीव उरत नाहीं. पुष्कळ वेळां दाब थोडा कमी करून तीच गति थंडपणें टिकविणें हेंच अधिक शहाणपणाचें ठरतें. एका नमुन्यावरून साऱ्या जातीविषयीं मत देणें तर केव्हांच योग्य नव्हतें. अमेरिकेंत प्रोसेसर आगाऊ पारखून, गुणानुसार भाव लावून विकणारी एक पेढीच निघाली होती. शिल्लकच उरली नाहीं तेव्हां 2021 मध्यें ती बंद झाली.

शिल्लक संपल्यावर काय होतें, हें 2024 मध्यें दिसलें. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे जलद प्रोसेसर कांहीं महिन्यांच्या वापरानंतर अस्थिर होऊं लागले. यांतील अनेकांच्या मालकांनीं कसलेंहि ओव्हरक्लॉकिंग केलेलें नव्हतें. प्रोसेसर गरजेहून अधिक दाब मागून घेत होता आणि त्यानें त्याचीं घड्याळाचीं मंडलें झिजत होतीं, असें कंपनीनेंच मान्य केलें; तिनें नवे आदेश पुरविले आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. पहिल्या रात्रीं छळपरीक्षेंत पूर्ण गुण मिळविणारा प्रोसेसर सहा महिन्यांनीं त्याच परीक्षेंत नापास होतो, ही गोष्ट जुन्या पारख्यांच्या हिशेबांत नव्हती. आतां ती धरावी लागते.

तेव्हां चांगल्या पारख्याच्या वहींत गतीच्या आंकड्याशेजारीं खोलीचें उष्णतामान, दाब, परीक्षेचे तास आणि तारीख हीं लिहिलेलीं असतात, आणि तीच परीक्षा ऋतु बदलल्यावर पुन्हां घेतलेली असते. लोहगडवाडींत ऑगस्टच्या धुक्यांत 5.6 गिगाहर्ट्झवर उतरलेला प्रोसेसर एप्रिलच्या दुपारीं 5.4 वर आणावा लागला, तर वहींत राहतो तो 5.4 हाच आंकडा. वरचा खोडलेला असतो.